एका कोटातले दोघे

सख्खे भाऊ असून त्या दोघांमधून विस्तव जात नव्हता, आणि दिग्दर्शकाने नेमकं त्यांनाच जन्मापासून कुशीला कूस चिकटलेल्या जुळ्यांच्या कामासाठी घेतलं. सिनेमा विनोदी होता. निदान कागदावर तरी.

शिवणकाम माझ्याकडे. दोघांत मिळून एक कोट: गळे दोन, बाह्या दोन, आणि मधले दोन हात कोटाच्या आत गडप. बटणं लावून पाहिली, पण ती कॅमेऱ्यात दिसत. म्हणून रोज सकाळी दोघांना कोटात उभं करून पाठीवर हातशिलाई घालायची. घालायला तास, उसवायला तास. मधे ब्रह्मदेव खाली उतरला तरी कोट निघत नसे.

भांडणाचं कारण? एका नाटकात थोरला प्रेत झाला होता आणि धाकटा त्याच्यावर विलाप करत होता. टाळ्या पडायला लागल्या, तसा धाकट्याने विलाप असा ताणला, असा ताणला, की प्रेताच्या पायात गोळा आला आणि ते लंगडत विंगेत निघून गेलं. तेव्हापासून अबोला. एका कोटात शिवले गेले तरी अबोलाच. सगळा व्यवहार माझ्यामार्फत.

"मास्तर, याला सांगा, श्वास जरा कमी घे. मला जागा उरत नाही."

"मास्तर, त्यांना सांगा, जागा माझ्या श्वासाने नाही, त्यांच्या पोटाने खाल्लीय."

धाकट्याचं एक गुपित होतं, जे सगळ्यांना ठाऊक होतं. स्टुडिओसमोर दातांचा दवाखाना होता आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंवर त्याचा जीव जडला होता. दर आठवड्याला याची नवी दाढ दुखायची. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत रंगभूषेवाली म्हणाली, "बाई दवाखाना बंद करून दुपारच्या गाडीने दुसऱ्या गावी चालल्या." धाकट्याचा घास हातातच राहिला. कोट उसवायला वेळ नव्हता.

"मास्तर, त्यांना सांगा, मला समोर जायचंय. आत्ता."

"मास्तर, याला सांगा, दातांच्या डॉक्टरकडे माझं मढंही जाणार नाही."

पण धाकटा अंगाने दांडगा. त्याने थोरल्याला रस्ता ओलांडून फरफटत नेलं. त्यांना बघून एक सायकलवाला सरळ टोमॅटोच्या गाडीत घुसला. चौकातला पोलीस 'हा एक माणूस की दोन' या विचारात हात वर करून उभा राहिला, तो थेट संध्याकाळी भानावर आला.

दवाखान्यात खोकी बांधून झाली होती, उरली होती ती फक्त खुर्ची. धाकटा खुर्चीत, थोरला खुर्चीच्या हातावर, आणि दुभाषा म्हणून मी शेजारी.

"आज कुठली दाढ?" बाईंनी विचारलं.

पानंच्या पानं संवाद घडाघडा म्हणणारा हा माणूस, त्याची दातखीळच बसली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"मास्तर, याला सांगा, बोल म्हणावं," थोरला कुरकुरला. "याचं काळीज माझ्या बरगडीवर घण घालतंय."

मी सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी थोरल्यालाच राहवेना. "डॉक्टर, या गाढवाचे बत्तीसच्या बत्तीस दात ठणठणीत आहेत. हा येतो तो तुमच्यासाठी."

"ते पहिल्याच दिवशी कळलं मला," बाई म्हणाल्या. "म्हटलं, कधीतरी बोलेल. तर हा दर वेळी नुसता आ करून बसतो."

थोरला खो खो हसला आणि तिथेच फसला. बाईंची नजर थेट त्याच्या जबड्यात गेली. "अहो, ही दाढ पार सडलीय. आत्ताच्या आत्ता काढायला हवी."

थोरला दाराकडे झेपावला. पण शिवण माझी होती, ती कसली सुटतेय! धाकट्याने दोन्ही पायांनी खुर्ची कवटाळली.

"मास्तर, याला सांगा, ऊठ!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात धाकटा म्हणाला, "दादा, खाली बस. मी इथेच आहे."

"जातोस कुठे, शिवलायस ना माझ्याबरोबर!" दादा ओरडला. पण बसला. कोटाच्या आत कापड हललं, आणि मला कळलं, आतले दोन हात एकमेकांना सापडले. तो हात घट्ट धरूनच धाकट्याने बाईंकडे पाहिलं. "जाऊ नका ना."

"आधी ही दाढ," बाई म्हणाल्या, आणि हसल्या.

दाढ कसली, वडाचं झाडच ते! बाईंनी ओढली, मी बाईंना ओढलं, आणि ती निघेपर्यंत दुपारची गाडी भोंगा वाजवून गेलीसुद्धा. आणि खोटं वाटेल, पण दाढ थोरल्याची निघाली आणि गाल सुजला धाकट्याचा!

"सूज उतरेपर्यंत मला जाता येणार नाही," बाईंनी निकाल दिला. पुढे दर आठवड्याला थोरल्याची नवी दाढ दुखू लागली. दवाखान्याच्या नावानेच कापणारा माणूस, धाकट्याला बरोबर घेऊन न चुकता जायचा. एकेक करून सगळी खोकी उघडली गेली. माझी दुभाष्याची नोकरी तेवढी सुटली.

सिनेमा आपटला. त्या दुपारी दिग्दर्शकाने दाढेची ही हकीकतच सिनेमात घालून सुजलेल्या गालासकट प्रसंग घेतला होता. लोक म्हणाले, बाकी सगळं ठीक, पण दाढ एकाची आणि गाल दुसऱ्याचा, ही थाप कोण पचवणार? आता काय सांगावं! अख्ख्या सिनेमात रंगभूषा नव्हती ती नेमकी त्याच गालाला.