शालिनीताईंच्या तीन नळ्या

मी एक जुना डीप फ्रीझर आहे, मित्रांनो. १९९८ साली मी दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत आलो. माझ्या पोटात उणे ऐंशी अंशांची थंडी असे आणि माणसांच्या रक्ताच्या बारीक नळ्या.

त्या नळ्या रेवतीताईंच्या. रोज मयूर विहारहून येणाऱ्या या संशोधक बाईंना एकच प्रश्न पडला होता. मन वर्षानुवर्षं धास्तावलेलं राहिलं, तर शरीरात काय बदलतं? जनुकं तीच राहतात, पण त्यांच्यावर रासायनिक खुणा असतात. कोणतं जनुक कामाला लागणार, हे ठरवायला त्या मदत करतात. या खुणा काळाबरोबर बदलतात का, हे पाहायला एकाच माणसाचं रक्त अनेक वर्षं जपावं लागतं. ते काम माझं.

रक्त देणाऱ्यांत एक होत्या शालिनीताई. त्यांनी पहिल्यांदा रक्त दिलं, तेव्हा त्यांचे यजमान श्यामराव काम करत तो मानेसरचा कारखाना बंद पडला होता. फोन वाजला तरी त्या दचकत. तीन वर्षांनी दुसरी नळी आली. श्यामरावांना काम मिळालं होतं, धास्ती मात्र तशीच होती. खुणा बदलल्या होत्या.

शालिनीताईंनी हळूच विचारलं, "कारखाना बंद पडला तेव्हा माझी लेक संपदा पोटात होती. माझं टेन्शन तिच्यात उतरलं असेल का?"

"खरं सांगू? मला माहीत नाही," रेवतीताई म्हणाल्या. "पण स्वतःला दोष देऊ नका, बिल्कुल नाही. रात्री झोप लागते का? नाही ना? मग आधी त्याचं बघू." त्यांनी ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला चिठ्ठी दिली.

पुढे एका मे महिन्यात, भर दुपारी माझा कॉम्प्रेसर बंद पडला. उणे साठ, उणे चाळीस... मला काहीच करता येईना. रेवतीताई आणि मदतनीस हणमंतकाका कोरड्या बर्फाच्या पेट्यांत नळ्या भरत होते. तरी एक खण वितळलाच. अकरा माणसांची वर्षं माझ्या हातून गेली. शालिनीताईंच्या नळ्या वाचल्या.

माझी दुरुस्ती झाली आणि काही काळाने शालिनीताईंची तिसरी नळी आली; तिच्यात काही खुणा पुन्हा पहिल्या नळीतल्यासारख्या दिसल्या, काही बदललेल्याच राहिल्या होत्या.

"म्हणजे मी बरी झाले की नाही?" शालिनीताईंनी विचारलं.

"झोप लागते?"

"लागते आता."

"मग तपासणीच्या या कागदापेक्षा तेच मोठं."

आता मी व्हरांड्यात बंद पडून आहे. मित्रांनो, घरात कुणी सतत धास्तावलेलं दिसलं, तर "एवढं काय त्यात" म्हणू नका. जवळ बसा, झोप लागते का विचारा. शालिनीताईंना ते पहिल्यांदा विचारलं, ते घरच्या कुणी नाही, त्यांचं रक्त घेणाऱ्या बाईंनी.