किल्ला वाळेपर्यंत

'ओली माती' या आमच्या गेम कंपनीचा इतिहास कुणी विचारला की माझं डोकंच फिरतं. कंपनी म्हणजे साकेत आणि मी, दोन कॉम्प्युटर आणि लक्ष्मीबाई नगरातल्या त्याच्या बाबांच्या सरकारी क्वार्टरची बंदिस्त बाल्कनी. चित्रं माझी, कोडिंग त्याचं. इतक्या वर्षांत गेम एकच, आणि तोही बाजारात आलेला नाही.

गेम साधा आहे. दिवाळीत मुलं मातीचा किल्ला करतात, तसा करायचा आणि त्यावर मावळे मांडायचे. दोनदा पुरा झाला. दोन्ही वेळा साकेतला वाटलं, 'मजा नाही येत', आणि त्यानं तो मुळापासून पुन्हा लिहायला घेतला. पहिल्यांदा मी समजून घेतलं. दुसऱ्यांदा भांडी आपटली, तीही त्याच्या आईची.

यंदा गुरुग्रामची एक कंपनी गेम बाजारात आणायला तयार झाली. "हेही फिसकटलं तर मी नोकरी धरणार," असं साकेतला मी बजावून ठेवलं होतं.

त्या कंपनीच्या सोनम मॅडम बाल्कनीत आल्या. त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर गेम घालून घेतला, हौसेनं किल्ला रचला आणि बुरुजावर मावळा ठेवला. मावळा कमरेपर्यंत रुतला.

"ये क्या हुआ?"

"मिट्टी गीली है, मॅम," साकेत अभिमानानं म्हणाला. "दो दिन में सूखेगी. असली दो दिन. कल ही डाला है."

माझा तोल गेला. "अरे, आणि तोवर खेळणाऱ्यानं काय करायचं?"

"वाट बघायची, यार! लहानपणी आपण काय करायचो? शाळेतून आलं की बोट लावून बघायचो. मजा त्यातच होती ना!"

मॅडम 'सोचके बताते हैं' म्हणून गेल्या. मी घरी येऊन नोकरीचे अर्ज भरत बसले. रडलेसुद्धा.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "मयुरा, सूख गया! पूरा ऑफिस आकर उंगली लगा रहा था. कल साइन करने आ जाओ."

मी धावत साकेतकडे गेले, सगळं सांगितलं. त्यानं स्क्रीनवरून नजरही हलवली नाही.

"सही पुढच्या महिन्यात केली तर? मजा नाही येत अजून. नव्यानं लिहायला घेतलंय."

मी त्याच्या कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली, गुंडाळून पर्समध्ये कोंबली.

"सही झाल्यावर मिळेल," म्हटलं, आणि जिना उतरले.