साच्याची सवत

मी एक जुनी, काळी, बारा इंची तबकडी आहे. मित्रांनो, आधीच कबूल करते, माझा स्वभाव जळकुटा आहे.

माझा जन्म अमेरिकेतला. तिथल्या एका सावळ्या गायिकेचा आवाज माझ्या अंगावर गोल गोल कोरला आहे. ती गायला लागली की भिंतीनेही कंबर हलवावी. जहाजावर खलाशी असलेल्या जगनने मला आणि एक रेकॉर्ड प्लेअर डिलाईल रोडच्या चाळीत आपल्या बहिणीला, मालनला, आणून दिला. माझ्या पाकिटावरचा फोटो बघून मालन म्हणाली, "जगन्या, ही कोण रे? हिच्या केसात घार अंडी घालतली!"

माझ्या पाठोपाठ मालनने एक भजनाची तबकडी आणली. ती रोज सकाळी वाजायची, मी कपाटामागे उभी. तिच्यावर चरा पडला त्या दिवशी मी मनातल्या मनात पेढे वाटले.

मालनचा नवरा कुशाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कापड विणायचा. त्याच्याशी सगळे ओरडून बोलत. मला वाटायचं, चाळीची पद्धतच असेल.

मग ब्याऐंशी साली संप झाला. साचे थांबले. कुशाबाला घरात बसवेना. एका दुपारी त्याने मला लावलं, रेकॉर्ड प्लेअरच्या पेटीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. मग रोजच. घरातला पंखा विकला, कपाट विकलं. मालन ओरडली, "आता ह्यो पेटारो वीक!"

"भजनाची वीक. ही ऱ्हवांदे," कुशाबा म्हणाला.

भजन गेलं. मी फुगले. तबकडीने फुगू नये, सुई घसरते, पण फुगले.

एके दिवशी त्याच्या खात्यातला शिवा आला. कुशाबाने त्याचा हात धरून पेटीवर ठेवला. शिवाचे डोळे मोठे झाले. "आयला, कुशा! ह्यो तर आपलो साचो!"

"चौथ्या गाण्यात सूत घेवन धोटोसुद्धा जाता. बघ, ह्या कडेसून त्या कडेक!"

"पण मधी मधी ही बाई कित्याक आरडता?"

"बाई?" कुशाबा म्हणाला. "खंयची बाई?"

मित्रांनो, साचेखात्यातल्या खडखडाटात वीस वर्षं काढली की कान गिरणीतच राहतात. माझ्या गायिकेचा एक सूरही त्याने ऐकला नव्हता. तो ठोक्यांवर हात ठेवून आपल्या साच्याला भेटत होता. सवत बाई असती तर समजलं असतं. ही लोखंडाची, तेलकट, आणि तीही कुलुपात!

संप संपलाच नाही, नुसता जुना झाला. काही वर्षांनी साचे तोडून भंगारात गेल्याची बातमी शिवाने आणली. लाज वाटते, पण मला आनंद झाला. आता तो माझाच!

त्या संध्याकाळी कुशाबाने मला लावलं, हात ठेवला आणि चौथ्या गाण्यात सुई उचलली. पुढे अकरा वर्षं हात लावला नाही. सवत मेली आणि विधवा मी झाले.

मग दादरहून जुन्या तबकड्या जमवणारा एक तरुण आला. हातात सुती मोजे. "काकी, अशी तबकडी मुंबईत दुसरी नसेल. काय गायलीय बाई!"

अखेर कान असलेला माणूस! मी मनाने दादरला पोचलेसुद्धा.

"आधी लावून बघ," मालन म्हणाली.

मी वाजले. तरुणाने सुखाने डोळे मिटले. कोपऱ्यात बसलेला कुशाबा कुणाचं लक्ष नाही असं बघून उठला आणि त्याने पेटीवर हात ठेवला. चौथं गाणं आलं. त्याच्या दुसऱ्या हाताची बोटं हवेत तुटका धागा जोडू लागली.

मालनने ते पाहिलं. "ही देऊची नाय," ती म्हणाली.

"काकी, पण काकांना तर ऐकूच..."

"देऊची नाय म्हटलंय ना! चाय घे आणि जा."

मी तिथेच राहिले. तेव्हापासून मी रोज दुपारी साचा होते. जमेल तसा.

तर मित्रांनो, घरात जुनी तबकडी असेल तर तिला उन्हापासून जपा, उभी ठेवा, मऊ फडक्याने पुसा. आणि कुणी पेटीवर हात ठेवून बसलं असेल तर आवाज कमी करू नका. ते माणूस ऐकतंय. कुणाला, ते मात्र माझ्यासमोर विचारू नका. अजून सहन होत नाही.