पान सांगा

त्या कादंबरीत एकही पूर्णविराम नव्हता. पहिल्याच पानावर एक माणूस घरातून बाहेर पडतो आणि पुढे चारशे पानं दिसतच नाही. बोलतात ती दारं, भांडी, शेजारी, बायको. आणि कोण कधी बोलतंय हे काही कळू देत नाहीत. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी चौघं जण तिच्याशी झटत होते. गटाच्या प्रमुख मॅडम, कॉलेजात साहित्य शिकवणाऱ्या. दुसरे निवृत्त न्यायाधीश. तिसरा एक आर्किटेक्ट, तो समासात त्या घराचे नकाशे काढायचा. चौथी मॅडमची भावजय.

वहिनी कवळ्या बनवायची. न्यायाधीशांची कवळी तिनेच केलेली, आणि ती इतकी चपखल बसली की त्या खुशीत त्यांनी तिलाही गटात ओढलं.

"हे विरंगुळ्याचं पुस्तक नाही हं, वहिनी," मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

"कवळीही विरंगुळ्याची नसते," वहिनी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

दोन वर्षांपूर्वी मॅडमचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, कामाला म्हणून निघाला तो परतलाच नाही. पोलिसांत तक्रार झाली, दवाखाने पालथे घातले, काही उपयोग झाला नाही. मॅडमच्या मते वहिनीच्या जिभेने त्याला घालवलं. वहिनीच्या मते, बहिणीने लाडावलेल्या माणसाला संसार पेलला नाही. हे दोघींनी एकमेकींना तोंडावर कधी सांगितलं नव्हतं. कादंबरीने ती सोय करून दिली.

"इथे म्हटलंय, 'घरात नुसतं मोजणं, उठता बसता मोजणं'," मॅडम म्हणायच्या. "हा त्याचा आवाज आहे. बायकोने श्वास घेऊ दिला नाही त्याला."

"बायकोचा आवाज आहे तो. जो मागे उरतो, तोच मोजत बसतो."

"पान?"

काहीही म्हणा, पान दाखवा, मनचं चालणार नाही, हा नियम मॅडमनीच घातला होता. वहिनी चष्मा कपाळावर चढवून पानं धुंडाळायची आणि मॅडम पेनाने टेबलावर टकटक करत राहायच्या. "नाही ना सापडत? मग चला पुढे." न्यायाधीश खिडकीबाहेर बघायचे. आर्किटेक्ट खाली मान घालून रेघा ओढायचा.

एका शनिवारी त्या प्रकरणाची पाळी आली ज्यात नुसते प्रश्न होते. न्यायाधीश म्हणाले, "मला वाटतं, हा माणूस मेलाय."

"मलाही तसंच वाटतं," वहिनी म्हणाली. "मेलाच असणार. जिवंत माणूस बायकोला विसरेल एक वेळ, पण आईलाही?" मॅडमची आई वहिनीकडेच राहत होती, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मॅडम एकदम उसळल्या. "मेला काय म्हणता! चांगला आहे तो. लहानशी खोली आहे, खिडकीतून कालवा दिसतो. स्वतःचं स्वतः रांधून खातो. पाठ दुखायची थांबली त्याची. उभ्या जन्मात पहिल्यांदा शांत झोप लागते त्याला!"

आर्किटेक्टने भराभरा पानं उलटली. "कालवा? माझ्या नकाशात कालवाच नाही, मॅडम. कुठे आहे?"

वहिनीने पुस्तक उघडलंही नाही. "कोणतं पान?"

"तो... एकूण भावार्थ आहे."

"पान सांगा."

"वहिनी, तुम्ही विनाकारण—"

"पाठीचं दुखणं कोणत्या पानावर आहे, वन्सं? त्या पाठीला मी वर्षानुवर्षं शेक दिलाय."

मॅडमनी न्यायाधीशांकडे पाहिलं, पण तेही हळूच म्हणाले, "उत्तर द्या."

"त्यानेच शपथ घातली होती," मॅडम म्हणाल्या. "कोणाला सांगू नकोस म्हणाला. गेला त्याच आठवड्यात फोन केला होता."

"म्हणजे शवागारात माझ्याबरोबर आलात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं." वहिनीचा आवाज चढला नाही. "माझा हात धरून उभ्या होतात. त्या कोणा परक्या माणसाचं तोंड इतकं बिघडलेलं की मी जबडा उघडून दात बघितले आणि सांगितलं, हा नव्हे. आणि तुम्ही रडलात."

"मग काय करायचं होतं मी? सांगितलं असतं तर तुम्ही फरफटत आणलं असतं त्याला. तुमच्यामुळेच गेला तो!"

"गेला असेल. पण तुमची आई संध्याकाळ झाली की दाराची कडी काढून बसते, ती कोणामुळे?"

वहिनी पिशवी उचलून जिना उतरली.

घरी तिने सासूला समोर बसवून सगळं सांगितलं. म्हातारी आधी म्हणाली, "जेवतो ना वेळेवर?" मग पदराने डोळे पुसले. आणि म्हणाली, "ती कार्टी दर रविवारी इथे येऊन माझे पाय चेपायची गं. चेपता चेपता एकदा तरी बोलायचं होतं."

रविवारी मॅडम आल्या. वहिनी दारात आडवी उभी राहिली. आतून म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "तिला म्हणावं, म्हातारी घरी नाही!"

"नाहीयेत घरी," वहिनी म्हणाली.

"मला ऐकू येतंय, वहिनी."

"मग बरंच झालं," म्हणत वहिनीने दार लावलं.

गट मोडला. न्यायाधीशांनी वहिनीला ओळखीची वकीलबाई गाठून दिली, आणि नवऱ्याला घटस्फोटाची नोटीस कुठे पाठवायची ते त्या वकीलबाईनेच मॅडमकडून काढून घेतलं. तारखेच्या दिवशी म्हातारी सकाळपासून तयार होऊन बसली. "मी पण येणार. मला फक्त एक मिनिट दे त्याच्याजवळ."

कोर्टाच्या व्हरांड्यात तो बहिणीच्या मागे उभा होता. अंग भरलेलं, केस नीट कापलेले. "आई," म्हणत पुढे आला. म्हातारीने त्याची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं, नीट न्याहाळलं. आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी एक कानफटात ठेवून दिली.

मॅडम मध्ये पडायला धावल्या. म्हातारीने नुसता हात वर केला, तशा त्या जागीच थांबल्या.

"चल," म्हातारी सुनेचा दंड धरत म्हणाली, "तुझं सह्यांचं काय ते उरकून घे. मी त्या बाकावर बसते. पाय भरून आलेत माझे."