जिवलीचं नाव

वाणगावच्या दवाखान्यात तापावर पेनिसिलिनची सुई दिली आणि लाडकीच्या पोरीचं तोंड डोळ्यांदेखत सुजलं, अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला. डॉक्टरने धावपळ करून तिला परत आणलं. निघताना बजावलं, ‘‘ही सुई जिवलीला पुन्हा द्यायची नाही. जिथे जाल तिथे आधी हे सांगा.’’

पाड्यावर म्हाताऱ्या भगताने मात्र वेगळंच बजावलं. ‘‘जिवली गेली. परत आली ती बायडी. ते नाव आता घेऊ नको. मरण ऐकंल नि माघारी येल.’’ शहाण्यासुरत्यांना हसू येईल, येवो बापडं. पोटची पोर निळी पडलेली ज्यांनी पाहिली नाही, त्यांनी खुशाल हसावं.

लाडकीने नाव गिळलं. पोरही विलक्षणच निघाली. भाकरी मोडताना म्हणायची, ‘‘जिवलीला हे आवडायचं. मला नाय.’’ लाडकीच्या अंगावर काटा यायचा. बायडी कुशीत झोपलेली असायची आणि लाडकी जिवलीसाठी झुरायची.

पुढच्या हिवाळ्यात लाडकी तारापूरला अणुवीजघराच्या बांधकामावर खडी वाहायला आली. तिथे पोरीच्या पायाची जखम चिघळली, ताप चढला. बोईसरच्या दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, ‘‘बाई, हिला कधी पेनिसिलिन बाधलंय?’’

‘‘बायडीला? नाय.’’ लाडकीच्या मते यात खोटं काहीच नव्हतं. बाधलं होतं ते जिवलीला, आणि जिवली तर मेली होती.

डॉक्टरने सुई भरली. स्पिरिटचा वास सुटला तशी पोर दाराकडे बघायला लागली. ‘‘आये, जिवली आली. तोंड सुजलंय तिचं.’’

दारात कोणी नव्हतं. भर दुपारचं ऊन तेवढं होतं. नाव घ्यावं तर मरण ऐकणार, न घ्यावं तर सुई टोचणार. डॉक्टरने पोरीचा दंड पुसला आणि लाडकीच्या तोंडून किंकाळीच फुटली, ‘‘नको! हीच जिवली हाय! वाणगावला ह्याच सुईनं मरत व्हती!’’

डॉक्टरचा हात जागीच थांबला. त्याने सुई बाजूला ठेवून दुसरं औषध काढलं. लाडकीने पोरीला छातीशी कवटाळलं. इतके महिने गिळलेलं नाव तिच्या कानात पुन्हा पुन्हा म्हटलं आणि ढसाढसा रडली.

पोर ओ देईना. तापाने फणफणलेली, तरी तिची बोटं गार होती. ती आईच्या ओठांवर ठेवून तिने हळूच विचारलं, ‘‘आये, मंग आता बायडी मेली?’’