बदलीच्या शाळेतली तिवई

मित्रांनो, जरा थांबा, लगेच बसू नका माझ्यावर. आधी माझं ऐकून घ्या, मग खुशाल बसा. मी घडीची तिवई. अ‍ॅल्युमिनियमचे तीन पाय, वर निळ्या कॅनव्हासची बैठक आणि एका कोपऱ्यात जाड दोऱ्याची वेडीवाकडी शिवण. वय झालंय आता. पण एक सांगते, मी देशोदेशीच्या शाळा आतून पाहिल्या आहेत, आणि त्याही मुलांच्या अगदी मांडीला मांडी लावून. ऑफिसातल्या गुबगुबीत खुर्च्यांना हे भाग्य सात जन्मांत मिळायचं नाही.

खरं तर मी जन्माला आले ती मासे पकडणाऱ्यांसाठी. व्हर्जिनियातल्या एका दुकानात गळ आणि गांडुळांचे डबे यांच्यामध्ये मला टांगून ठेवलं होतं. तिथून मला परीक्षितनं उचललं. हा मूळचा नागपूरचा, अ‍ॅशबर्नला राहणारा, डेटा सेंटरमध्ये नोकरी करणारा गृहस्थ. त्याला तेव्हा फिशिंगचं वेड लागलं होतं. तळ्याकाठी तो माझ्यावर तासन् तास बसायचा आणि मासे त्याच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. शेवटी वेड उतरलं, आणि मी त्याच्या बायकोच्या हाती लागले. तिचं नाव रेणू. माझं खरं आयुष्य तिथून सुरू झालं.

रेणू आधी अ‍ॅशबर्नच्याच एका शाळेत शिकवायची. मग तिला सरकारी नोकरी मिळाली, आणि ती नोकरी मोठी नवलाची होती. अमेरिकेचे सैनिक परदेशात तळांवर राहतात हे तुम्हाला ठाऊक असेल. त्यांच्याबरोबर त्यांची बायकामुलंही जातात. त्या मुलांसाठी तळावरच शाळा असते. तिथे शिकवणं कसं चाललंय, कुठला उपक्रम चांगला, कुठला नुसताच दिखाऊ, हे बघायचं काम रेणूचं. ऑफिस इकडे व्हर्जिनियात आणि शाळा सातासमुद्रापार.

तर पाहणीला आलेली माणसं काय करतात? वर्गात मागे उभी राहतात, हाताची घडी घालतात, आणि पुढची मुलं पाठ ताठ करून शहाण्यासारखं वागायला लागतात. रेणूला ते मुळीच पटायचं नाही. ती मला काखोटीला मारून वर्गात शिरायची, मुलांच्या मधोमध मला उघडायची आणि गुपचूप बसून राहायची. ना वही, ना पेन. थोड्या वेळानं मुलं तिला विसरून जायची, आणि मग खरा वर्ग दिसायचा. हसणारे हसायचे, कंटाळलेले जांभया द्यायचे, आणि एखादं पोर तर खुशाल तिच्या गुडघ्यावर पुस्तक टेकवून वाचायचं. तेव्हा माझी छाती अशी फुगायची म्हणून सांगू.

तुम्ही म्हणाल, तिवईला काय कळतं? अहो, माणूस बसला की त्याचं मन मला कळतं. घाईतला माणूस काठावर बसतो. खोटं बोलणारा सारखी चुळबुळ करतो. आणि मन लावून ऐकणारा माणूस असा बसतो की वजन तिन्ही पायांवर सारखं येतं. रेणू तशी बसायची.

पण दिवस फिरायला वेळ लागत नाही. पुढे जगभर तो आजार आला, विमानं थांबली आणि पाहणी पडद्यावरून व्हायला लागली. आजार ओसरला तरी पडदा काही गेला नाही. स्वस्त पडतो म्हणे. माझी रवानगी गॅरेजमध्ये झाली. एका बाजूला बर्फ उपसायचं फावडं, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र मंडळाची लेझीमं आणि डोक्यावर गणपतीचं मखर. वर्षातून एकदा मखर निघायचं तेवढाच मला उजेड. एकदा उंदरानं कॅनव्हास कुरतडला, तेव्हा परीक्षितनंच तो शिवला. ती वेडीवाकडी शिवण त्याचीच. रडू यायचं हो मला. मुलांचे आवाज ऐकू येत नाहीत, तर तिवईनं जगायचं कशासाठी?

आणि नेमक्या त्याच काळात रेणूच्या हातून एक चूक झाली.

जपानमधल्या एका तळावर मिस डॅरो नावाच्या बाई तिसरी-चौथीला शिकवायच्या. त्यांनी 'जोडी-वाचन' म्हणून एक उपक्रम सुरू केला होता. वर्गात नवीन मूल आलं की त्याच्या शेजारी एका मुलानं खुर्ची ओढून बसायचं, आणि रोज सकाळी दोघांनी मिळून एकच पुस्तक वाचायचं. बस, एवढंच. इकडे रेणूनं पडद्यावर आकडे मांडून एक आलेख काढला. गेल्या वर्षी तिसरीचा वर्ग कसं वाचत होता आणि यंदा तोच वर्ग चौथीत गेल्यावर कसं वाचतोय. रेघ दणकून खाली आली होती. तिच्या वरच्या अधिकारी डेनिस व्हिटफील्डबाईंनी ते पाहिलं आणि ठरवूनच टाकलं की हा उपक्रम बंद करायचा, मुलांना हेडफोन लावून कॉम्प्युटरवर वाचायला बसवायचं, आणि जमलंच तर बाकीच्या शाळांतही तेच करायचं. मात्र नियम असा की बंद करण्याआधी कुणीतरी जाऊन एकदा प्रत्यक्ष पाहायचं. ते काम रेणूकडेच आलं.

म्हणून ती गॅरेजमध्ये आली आणि तिनं मखर बाजूला केलं. तिची लेक अनया दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, सीरियसली? त्या स्टूलला अजून नेणार तू?"  रेणूनं ओल्या फडक्यानं मला पुसलं. मित्रांनो, त्या दिवशी मला अंघोळ घातल्यासारखं वाटलं.

मिस डॅरोंच्या वर्गात आम्ही पोचलो तेव्हा शाळा नुकती भरत होती. रेणू माझ्यावर बसली, पण काठावर. मनात निकाल लागलेला होता ना. नुसतं यायचं, बघितल्यासारखं करायचं आणि परत जायचं.

त्याच सकाळी वर्गात एक नवी मुलगी आली. नाव जोसी. टेक्सासहून नुकतीच आलेली. दप्तर पोटाशी घट्ट धरून ती आमच्या शेजारीच बसली आणि मान खाली घातली ती वर करीना. बाईंनी कुणाला काही सांगितलं नाही. मरिसोल नावाची एक किडकिडीत मुलगी आपली आपण उठली, खुर्ची ओढत आली आणि जोसीला खेटून बसली. तिनं पुस्तक दोघींच्या मध्ये उघडलं आणि हळूच म्हणाली, "तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस. पान उलटायचं झालं की नुसतं बोट ठेव. मी आले तेव्हा मीपण तेवढंच करत होते."

मग मरिसोल वाचायला लागली. थोडं अडखळत, पण मजेत. एक पान झालं. जोसी हलली नाही. दुसरं पान झालं. आणि मग, मित्रांनो, दप्तराच्या पट्ट्यामागून एक बोट बाहेर आलं आणि पानाच्या कोपऱ्यावर जाऊन टेकलं.

रेणूचं वजन माझ्या तिन्ही पायांवर सारखं आलं. किती वर्षांनी आलं म्हणून सांगू.  एवढंसं बोट, पण ते पाहून मी अगदी थक्क झाले. मोठमोठ्या विमानांचा आवाज खिडकीतून येत होता आणि माझं लक्ष त्या बोटावरून हलत नव्हतं.

वाचन संपल्यावर रेणूनं मरिसोलला विचारलं की तू या शाळेत कधी आलीस. ती म्हणाली, हिवाळ्याच्या सुटीनंतर. म्हणजे ती स्वतःच नवी. रेणू जरा चपापली. तिनं मिस डॅरोंची परवानगी घेतली आणि वर्गाला विचारलं, "गेल्या वर्षी याच शाळेत तिसरीत कोण कोण होतं? हात वर करा बघू."

अख्ख्या वर्गातून चार-पाच हात वर आले. बाकीची मुलं शांतपणे बघत होती. त्यांना त्यात काही नवल वाटत नव्हतं. वडिलांची बदली झाली, आईची बदली झाली, शाळा बदलली. असंच असतं.

 रेणूचा सगळा भार एकदम माझ्यावर आला. तिच्या लक्षात आलं की आलेखातली ती घसरलेली रेघ एका वर्गाची नव्हतीच. जी मुलं वाचायला शिकली ती केव्हाच दुसरीकडे गेली होती, आणि त्यांच्या जागी नवी, भांबावलेली मुलं येऊन बसली होती. अ‍ॅशबर्नच्या शाळेत मुलं बालवर्गात येतात आणि मिसरूड फुटेपर्यंत तिथेच असतात. रेणूला तीच सवय. सैनिकांच्या बदल्या होतात हे तिच्या ऑफिसात झाडून सगळ्यांना माहीत होतं, प्रत्येक भाषणात ते असायचंच. पण आलेख काढताना एकालाही ते आठवलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

व्हरांड्यात रेणूनं मिस डॅरोंना विचारलं की तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत. त्या बाई रागावल्या नाहीत. उलट संकोचून म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला माहीतच असणार. माझी चांगली वाचणारी मुलं कुठेतरी चांगलं वाचतच असतील. फक्त ती माझ्याकडे राहत नाहीत."

घरी परत आल्यावर रेणूचं जेवणावरून लक्ष उडालं. परीक्षितनं पोळ्या गरम केल्या आणि सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला की आमच्याकडे मशीन बदललं तर जुन्या मशीनचे आकडे नव्याच्या नावावर कुणी लावत नाही, तुम्ही बरे लावता. रेणू चिडली. तिला चूक दिसत नव्हती असं नाही. चूक सगळ्यांसमोर सांगायची भीती वाटत होती. त्याच आलेखावर व्हिटफील्डबाईंनी वरपर्यंत शब्द दिला होता. रेणूची बढतीही त्याच महिन्यात ठरायची होती. आणि ती गप्प बसली असती तर मिस डॅरोंचा उपक्रम गेला असता, जोसीच्या कानांवर हेडफोन चढले असते, आणि पुढच्या जोसीच्याही.

रेणू गप्प बसली नाही. तिनं गेलेल्या मुलांचा माग काढायला सुरुवात केली. बरीचशी दुसऱ्या तळांवरच्या शाळांतच गेली होती, म्हणून ते जमलं. ती एकेका शाळेत फोन करायची आणि तिथल्या शिक्षकांशी बोलायची. एका संध्याकाळी ती फोन ठेवून धपकन माझ्यावर बसली आणि परीक्षितला म्हणाली, "अरे, हे काहीतरी वेगळंच आहे." 

शेवटी मीटिंगचा दिवस आला. खोली गच्च भरली होती, खुर्च्या कमी पडल्या. रेणूनं मला पडद्याजवळ उघडलं आणि ती सगळ्यांच्या कोटांच्या बटणांएवढ्या उंचीवर बसली. पडद्यावर तिचाच आलेख होता.

"हा आलेख मी काढला," ती म्हणाली, "आणि तो चुकीचा आहे."

खोलीत कुजबुज झाली. व्हिटफील्डबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. रेणूचं बसणं मात्र डळमळलं नाही, याची साक्ष मी देते. रेघ कशी चुकली ते तिनं सांगितलं. इथेच राहिलेली मुलं छान वाचतात, हेही सांगितलं. मग ती म्हणाली की मी गेलेल्या मुलांना शोधलं. तीही चांगलं वाचतात. पण मला सांगायचंय ते याहून मोठं आहे.

इटलीतल्या एका शाळेत, ती म्हणाली, मिस डॅरोंकडून गेलेली एक मुलगी आहे. वर्गात कुणी नवीन आलं की ती आपली खुर्ची उचलून त्याच्या शेजारी जाते. तिथल्या बाईंना वाटलं, तिला घरी तसं शिकवलं असेल. आता त्या वर्गातली सगळीच मुलं तसं करतात. जर्मनीतल्या एका शाळेत दोन भावांनी हेच सुरू केलंय. एक मुलगा इकडे अमेरिकेतच परत आला, साध्या गावातल्या साध्या शाळेत, तिथेही हेच चाललंय. कुठल्याही शिक्षकाला मिस डॅरोंचं नाव माहीत नाही. आपण कुणालाही काही शिकवलं नाही, कुठे काही पाठवलं नाही. मुलांनी ते सामानाबरोबर नेलं.

  माझा तर ऊर भरून आला. कुठल्याशा तळावरची एक बाई, आणि तिनं लावलेली एवढीशी सवय मुलं समुद्र ओलांडून घेऊन गेली, आणि कुणाला पत्ताही नाही. देवा रे, केवढं हे.

व्हिटफील्डबाई उठल्या. पडद्यापाशी आल्या. त्या खाली घसरलेल्या रेघेकडे त्यांनी पाहिलं आणि मग त्या रेणूकडे वळल्या.

"आता बंद करायचा म्हटला," त्या म्हणाल्या, "तरी आपण कुठे कुठे जाऊन बंद करणार?"

बंद झाला नाही तो. रेणूची बढती मात्र त्या वर्षी राहून गेली, आणि माझा विमानप्रवास पुन्हा सुरू झाला. तिला वाईट वाटलं, पण थोडंच. आलेख आता वर्गाचे निघत नाहीत, एकेका मुलामागून निघतात, ते कुठेही जावो.

तर मित्रांनो, आता बसा. पण घडी उघडताना बोटं सांभाळा, आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूला अडगळीत टाकण्याआधी तिनं काय काय पाहिलंय ते एकदा विचारा. आणखी एक मागणं आहे. उद्या तुमच्याही वर्गात एखादं नवीन मूल येईल, दप्तर पोटाशी धरून. त्याचं नाव विचारण्याआधी आपली खुर्ची त्याच्या शेजारी ओढा. ते मूल कदाचित लवकरच निघून जाईल, तुम्हाला विसरूनही जाईल. पण कुठल्याशा परक्या गावात, तुम्ही कधीच न पाहिलेल्या कुणासाठी, ते आपली खुर्ची उचलून उठेल.