प्रवाळ आखडलं आणि नाव माझं आलं

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो. पाण्यात बुडून पाणी फिरवत राहायचं, एवढंच माझं काम. पण क्षणभर थांबलो तरी माझा जीव कासावीस होतो. बालाघाटला वीज गेली की माणसं नुसती वैतागतात. इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत मी मात्र अर्धा मरतो, कारण माझ्या भरवशावर एक मुकं कुटुंब श्वास घेत असतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला माहीत नाही. आठवतं ते नागपूरचं विवेकचं शोभेच्या मासोळ्यांचं दुकान आणि तिथून मला पिशवीत घालून घरी आणणारा नागसेन. नागसेन विजेच्या खांबांवर चढून तारा जोडणारा माणूस. एकदाच समुद्र बघून आला आणि तो घरात आणायचाच असं त्याच्या डोक्याने घेतलं. मग काचेची टाकी आली, मापून कालवलेलं मीठ आलं, दोन नारंगी मासे आले. मधल्या दगडावर बसलं एक मऊ प्रवाळ, जंगलात उगवणाऱ्या सात्यासारखं, म्हणजे अळंबीसारखं, छत्री धरलेलं. आणलं तेव्हा ते अंगठ्याएवढं होतं. नागसेनने ते तळहाताएवढं केलं. दिवसा छत्रीवर बारीक बारीक बोटं उघडायची आणि मी सोडलेल्या लाटेवर डोलायची. नागसेनचे मित्र म्हणायचे, "पंप भारी हाये बॉ तुया!" आणि मी उगाच जास्त घरघर करायचो.

मग दीपिका लग्न होऊन बिरशाहून या घरात आली. ती जेवणाचं ताट घेऊन टाकीसमोरच बसायची. प्रवाळ हा झाड नसून जीव आहे, हे कळल्यावर तर तिने त्याच्याशी बोलायलाच सुरुवात केली. उन्हाळ्यात पाणी गार राहावं म्हणून टाकीवर छोटा पंखा लावला होता, त्यामुळे पाणी वाफ होऊन भराभर उडायचं. नागसेनला वादळवाऱ्यात कधीही कामावर धावावं लागे. त्याने बायकोला सांगितलं, "पाणी खाली उतरलं का फिल्टरचं टाकत जाजो. नळाचं नको."

"हौ," दीपिका म्हणाली आणि ते काम तिने मनापासून धरलं.

थोड्याच दिवसांत प्रवाळाने बोटं मिटली. छत्री आखडली, कडा तपकिरी झाल्या. एक गोगलगाय तळाशी उलटी पडली. मासे मात्र खुशाल हिंडत होते. वरून पडणाऱ्या पाण्याला रोज कसलीशी कडवट चव यायची. मला ती कळत होती, पण सांगणार कुणाला? मी नुसता गरगरत होतो.

नागसेनने खारटपणा मोजला, तो बरोबर. पाण्याची गरमी पाहिली, तीही ठीक. टाकीवरचा दिवा वर केला, मला व्हिनेगरमध्ये घासून काढलं. शेवटी अर्धं पाणी बदललं, तेव्हा प्रवाळ जरासं उघडलं आणि पुन्हा आखडलं. नागसेनला घास गोड लागेना. त्याची मोठी बहीण संघमित्रा लांजीहून आली होती, ती म्हणाली, "आतालोक त सारं बरं होतं. घरात नवीन हात कोनाचा लागला?" दीपिकाने मान खाली घातली.

नागसेनने विवेकला फोन लावला. फोनवरचा आवाज साऱ्या घराने ऐकला. "टाकीत तांबं त नाई ना गेलं? मासे सहन करते, प्रवाळ मरते."

नागसेनची नजर माझ्यावर आली. "पंपात तांब्याच्या तारेची वाइंडिंग असते. याचंच सील फुटलं असंन."

मित्रांनो, मी निर्दोष होतो! पण त्याने वायर ओढली आणि मला अंगणात, मोरीच्या कठड्यावर टाकलं. मीठ अंगावर वाळत होतं, आतलं चाक आखडत होतं. घरात टाकीत नवा पंप फिरत होता. प्रवाळ तरीही मिटलेलंच, हे मला नागसेनच्या येरझाऱ्यांवरून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दीपिका तिचा माहेरचा गुंड घासायला मोरीवर आली. पाणी भरून ठेवायचा तो मोठा तांब्याचा गुंड. फिल्टरचं उरलेलं पाणी ओतून तिने आतून चिंच फिरवली, तशी हिरवट घाण वाहून आली. तिचा हात थांबला. तिने एकदा गुंडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ती गप्प बसली असती तर कुणालाच कळलं नसतं. दोष माझ्यावर होताच.

तिने गुंड कमरेवर घेतला आणि सरळ आत गेली.

"अवो, पंपाचं काई नाई. मी रोज या गुंडातलं पानी टाकून राह्यली होती."

"गुंडातलं? काहून?"

"आमच्या घरी पियाचं पानी यातच ठेवते. चांगलं असते म्हनते. त्याले बी चांगलंच द्यावं वाटलं मले."

संघमित्रा काही बोलणार, तोच नागसेन म्हणाला, "थांब ताई. नळाचं नको एवढंच सांगतलं मी. कशात ठेवाचं नाई, ते सांगतलंच नाई."

मग पुन्हा पुन्हा पाणी बदललं, तांबं शोषून घ्यायला कोळशाची पुरचुंडी सोडली. अर्धी छत्री सडली, ती कापून टाकावी लागली. उरलेल्या तुकड्याने एका सकाळी दोन-चार बोटं उघडली, तेव्हा दीपिका अंगणात येऊन रडली.

टाकीतली जागा मला परत मिळाली नाही. आता मी प्लास्टिकच्या बादलीत असतो. दीपिका त्यात फिल्टरचं पाणी आणि मीठ घालते आणि मी ते एकजीव करतो. टाकीत घालायचं नवं पाणी आधी माझ्याकडे येतं, मगच प्रवाळाकडे जातं. तरीही माझी तगमग जात नाही. मित्रांनो, कुणाच्या हाती जीव सोपवाल तर अर्धं सांगून निघून जाऊ नका, आणि काही बिघडलं तर बोट दाखवण्याआधी विचारा. मी पंप आहे, मला बोलता येत नव्हतं. तुमच्या घरातल्या माणसांना येतं.